रंगमंचावरची लढाई बसवताना

प्रश्न : मी कोल्हापूरचा असून माझे वय २४ वर्षे आहे. लहानपणापासून आखाड्यात मर्दानी खेळ शिकलो. लाठी, तलवार आणि दांडपट्टा चालवतो. महाविद्यालयात एकांकिका केल्या आणि गेली दोन वर्षे आमच्या हौशी संस्थेच्या नाटकांतील मारामारीचे प्रसंग मीच बसवतो. नाट्यशिक्षण, दिग्दर्शन आणि रंगमंचीय लढती बसवणे या तिन्हींवर मिळून उपजीविका होऊ शकेल का? त्यासाठी वेगळे शिक्षण घ्यावे लागेल का?

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. शिक्षण घ्यावेच लागेल, कारण आखाड्यात तुमच्या अंगी जे मुरले आहे त्यातील बरेचसे रंगमंचावर उपयोगी पडेल, पण एक मूळ सवय मात्र प्रयत्नपूर्वक मोडावी लागेल. आखाड्यात आपला वार समोरच्यापासून लपवायचा असतो. रंगमंचावर तोच वार सहकलाकाराला आधी कळवायचा असतो आणि प्रेक्षकाला स्वच्छ दाखवायचा असतो. मारणारा नट नजर देऊन हात मागे घेतो, मार खाणारा आपण तयार असल्याचे नजरेनेच सांगतो, आणि मगच वार पुरा होतो. केस धरून फरफटवण्याच्या प्रसंगात मारणाऱ्याची मूठ केसांवर नुसती टेकलेली असते. मार खाणारा दोन्ही हातांनी ती आपल्या डोक्यावर दाबून धरतो आणि कोठे व किती वेगाने जायचे हे तोच ठरवतो. गळा दाबताना बोटे कंठावर येत नाहीत, हातांचा भार गळ्याखालच्या हाडांवर राहतो. या कलेचे मर्म मला येथेच दिसते : ज्याला लागण्याची शक्यता आहे, लगाम त्याच्याच हाती हवा.

ही जाण आपल्याकडे नवी नाही. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त चारींच्या, म्हणजे पायांच्या ठरावीक हालचालींच्या, निमित्ताने शस्त्र चालवण्याचे चार ‘न्याय’, म्हणजे पद्धती, सांगितल्या आहेत. भारत न्यायात वार कमरेवर, सात्त्वतात पायावर, वार्षगण्यात छातीवर आणि कैशिकात डोक्यावर दाखवायचा असतो. त्याच ठिकाणी, रंगमंचावर प्रत्यक्ष छेदू नये, भेदू नये, रक्त काढू नये, प्रहार केवळ संकेताने दाखवावा, अशी स्पष्ट आज्ञा आहे, आणि अंगाला तेल लावून व्यायाम करण्याचाही उपदेश आहे. अलीकडच्या काळात केरळमध्ये नाट्यदिग्दर्शक कावालम नारायण पणिक्कर यांनी कळरीपयट्टू आणि मणिपूरमध्ये दिग्दर्शक रतन थिय्याम यांनी थांग-ता या युद्धकलांमधून नटाचे शरीर घडवले. मर्दानी खेळाचा असा विचारपूर्वक उपयोग मराठी रंगभूमीवर व्हावा ही माझी फार दिवसांची इच्छा आहे, आणि तुमच्या पत्राने मला झालेल्या आनंदाचे तेच कारण आहे. मात्र दांडपट्टा छोट्या रंगमंचावर आणू नका. त्याचे पाते लवचिक आणि पल्ला मोठा असतो, आणि विंगेत उभ्या असलेल्या माणसाला तो कधी गाठेल हे चालवणाऱ्यालाही कळत नाही.

आता उपजीविकेविषयी. केवळ लढती बसवून आपल्याकडे घर चालणे कठीण आहे, कारण ज्यांना स्वतंत्र लढत-दिग्दर्शक लागतो अशी नाटके थोडी आणि त्यासाठी वेगळे मानधन देणारे निर्माते त्याहून थोडे. ब्रिटनमध्ये १९६९ साली आणि अमेरिकेत १९७७ साली या कामातील मंडळींनी आपापल्या संघटना उभारल्या. तेथे प्रत्येक शस्त्राची वेगळी परीक्षा देता येते. आपल्याकडे पाया अध्यापनाचाच घालावा लागतो. तुमच्या गावातच शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. पुण्याला ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील नाट्यशास्त्र विभाग आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचाही विचार करावा. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर पदव्युत्तर पदवीनंतर नेट परीक्षा द्यावी; नाट्य हा विषय तेथे आहे. शाळांमधील नाट्यवर्ग आणि उन्हाळी बालनाट्य शिबिरे हे काम तुम्ही आजही सुरू करू शकता.

तीन वेगळे व्यवसाय सांभाळण्याची ओढाताण होईल, अशी भीती तुमच्या प्रश्नामागे असावी. माझ्या अनुभवात ही तिन्ही कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. साधी थप्पड घ्या. हात चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून जातो आणि आवाज दोघांपैकी एकाने प्रेक्षकांना न दिसेल अशी मारलेल्या टाळीचा असतो; म्हणजे थप्पड खरी वाटणे हे प्रेक्षक कोठे बसला आहे यावर अवलंबून असते. समोरच्या प्रेक्षागृहात अचूक बसलेली थप्पड तिन्ही बाजूंनी प्रेक्षक असलेल्या जागेत उघडी पडते. नटांना कोठे उभे करायचे हे जो ठरवतो तोच दिग्दर्शक, आणि ही हालचाल पंचवीस प्रयोगांनंतरही तशीच व्हावी अशी जो नटाच्या अंगात उतरवतो तोच शिक्षक. शिवाय लढत हाही एक संवाद असतो. कोण आधी घाबरला, कोणाला मारायचे नव्हते, कोण शेवटपर्यंत क्षमेची वाट पाहत होता, हे संहितेतून काढता येत नसेल तर तलवारी कितीही खणखणल्या तरी तेवढा वेळ नाटक थांबलेलेच असते.

एक शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या. लढत आधी अगदी संथ, मग निम्म्या गतीने बसवावी, आणि प्रयोगातही पूर्ण ताकदीने करू नये. प्रत्येक प्रयोगापूर्वी, पडदा उघडण्याच्या अर्धा तास आधी, संपूर्ण लढतीची उजळणी त्याच नटांनी, त्याच पादत्राणांत आणि त्याच शस्त्रांनी करावी. माझ्या एका प्रयोगात घाईमुळे ही उजळणी राहिली आणि पात्याला गेलेला बारीक तडा कोणाच्या लक्षात आला नाही. लढत ऐन रंगात असताना टोक तुटून विंगेत पडले. कोणाला लागले नाही, पण तेथे दोन मिनिटांपूर्वी आमची वेशभूषा सांभाळणारी मुलगी उभी होती. त्यानंतर मी उजळणीशिवाय पडदा उघडू दिलेला नाही, मग प्रेक्षक कितीही खोळंबले तरी.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. स्नेहसंमेलनात सातवीची मुले प्रतापगडावरील अफझलखान भेटीचा प्रसंग करणार आहेत. गेल्या वर्षी याच प्रसंगात एका मुलाची मान दुखावली होती. प्रसंग वगळावा का?

उत्तर : वगळू नका, ताई. १० नोव्हेंबर १६५९ चा तो प्रसंग मुलांना मनापासून करावासा वाटतो आणि तो सुरक्षितपणे बसवता येतो. मान दुखावते ती आलिंगनात, कारण खान झालेला मुलगा सहसा थोराड असतो आणि आवेशात मान खरोखरच काखेत धरतो. त्याचा हात मानेऐवजी समोरच्याच्या खांद्यावरून पाठीवर जाऊ द्यावा आणि शिवराय झालेल्या मुलाने आपल्या उजव्या हाताने तो खांद्याजवळ पकडून ठेवावा. म्हणजे सुटका कधी करून घ्यायची हे त्याच्याच हाती राहील. शिवराय झालेला मुलगा प्रेक्षकांच्या डाव्या बाजूला, खानाकडे तोंड करून उभा करा. त्याचा वाघनखांचा डावा हात मग प्रेक्षकांपासून लांबच्या बाजूला राहतो, वार दिसत नाही, दिसतो तो खानाचा चेहरा आणि त्याचे मागे कोलमडणे. त्यामुळे वाघनखे हातात घालण्याचीही गरज नाही. सय्यद बंडा आणि जिवा महाला यांच्या हाती पुठ्ठ्याच्या तलवारी द्या, त्यांना प्रत्येकी दोनच वार बसवून द्या, आणि ते वार दोघांनाही मोठ्याने आकडे मोजत निदान आठवडाभर करायला लावा.