एक्केचाळिसाव्या वर्षी दिवस गेले, आता?

‘या वयात पुन्हा मूल होऊ द्यावं का?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारं जोडपं बसल्याबसल्या आधी वय सांगतं. ‘मॅडम, मला चाळीस पूर्ण झाली.’ ‘हे पन्नाशीला टेकले.’ वय सांगितलं की मी हो किंवा नाही म्हणेन, अशी अपेक्षा असते. वय महत्त्वाचं आहेच, त्यावर पुढे लिहिते. पण घरात गाडं अडतं ते बहुतेक वेळा वयावर नाही. बाळ आलं तर कोणाचं काय बदलणार, हे कोणी कोणाशी बोललेलंच नसतं, तिथे ते अडतं.

मेधाचंच बघा. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला तिची परवानगी आहे.) वय 41, अंधेरीच्या एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. घर विक्रोळीला कन्नमवार नगरात, पण बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेल्याने सध्या जवळच भाड्याच्या वन बीएचकेत. नवरा सुनील 47 वर्षांचा, मुलगी सई दहावीत, शिवाय सासूबाई. पाळी चुकली तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणींनी एकमुखाने निदान केलं, मेनोपॉज सुरू झाला असणार. मेधालाही ते पटलं. मळमळ थांबेना म्हणून डॉक्टरकडे गेली तर सोनोग्राफीत आठ आठवडे निघाले. हे मी खूपदा ऐकते. सलग बारा महिने पाळी आली नाही तरच मेनोपॉज झाला म्हणतात. तोपर्यंत दिवस जाऊ शकतात. चाळिशीत पाळी चुकली तर मैत्रिणींच्या आधी प्रेग्नन्सी टेस्ट किटला विचारावं.

ती माझ्याकडे आली ती वाक्य ठरवूनच. ‘काढायचं ठरलंय. फक्त मन खातंय, म्हणून आले.’

‘कोणी ठरवलं?’

‘म्हणजे... तसंच ना. या वयात.’

तिने कारणं सांगितली. सईची दहावी. सोसायटीतल्या बायका. माहेरच्या लग्नात पोट घेऊन कसं जायचं. ऑफिसात ज्युनियर मुली रजेवर जातात, आता ही सीनियर बाई जाणार. सगळी कारणं दुसऱ्यांच्या तोंडची होती. मी विचारलं, यातलं कोणालाच काही कळणार नसेल तर? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘सईनंतर एकदा राहिलं होतं. तिसऱ्या महिन्यात गेलं. तेव्हापासून आमच्या घरात हा विषयच निघाला नाही.’ आणि मग अगदी हळू, ‘मला हवंय, मॅडम. पण असं हवं असणं बरं दिसत नाही ना.’

हवं असण्याची लाज घेऊन येणाऱ्या बायका मी नको असण्याची लाज घेऊन येणाऱ्यांपेक्षा जास्त पाहिल्या आहेत.

सुनील पुढच्या वेळी आला. नीटनेटका, अबोल माणूस. त्याचं एकच म्हणणं होतं, ‘मी तिला सांगितलंय, तू ठरव. माझी काही हरकत नाही.’ हे वाक्य ऐकायला फार समजूतदार वाटतं. माझ्या मते या प्रसंगात नवरा बोलू शकेल असं याहून निरुपयोगी वाक्य नाही. कारण बाळ ठेवलं आणि पुढे ओढाताण झाली तर ‘तूच ठरवलं होतंस’, आणि नाही ठेवलं, मग हळहळ वाटली, तरी ‘तूच ठरवलं होतंस’. शरीर तिचं आहे, म्हणून शेवटचा शब्द तिचा, हे खरंच. पण शेवटचा शब्द तिचा म्हणजे त्याआधीचे सगळे शब्दही तिनेच शोधायचे, असं होत नाही.

मी त्याला म्हटलं, हरकत राहू द्या, भीती सांगा. तो हसला आणि खिशातून ऑफिसच्या पॅडचा घडी घातलेला कागद काढला. त्यावर हिशोब होता. साठाव्या वर्षी निवृत्ती, तेव्हा बाळ बारा वर्षांचं, म्हणजे सातवीत. पदवी होईपर्यंत आपण सत्तरीला. नव्या घराचा ताबा कधी मिळणार कोणाला ठाऊक. खाली एक ओळ होती, ‘बाबा 56’. त्याचे वडील छप्पन्नाव्या वर्षी गेले तेव्हा तो कॉलेजात होता, आणि घर त्याच्यावर पडलं होतं. हा कागद मेधाने पाहिलेला नव्हता. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि तो छप्पन्न या आकड्याला किती घाबरतो हे तिला माहीत नव्हतं.

त्या भीतीवर मी ‘असं काही होणार नाही’ म्हणाले नाही. ते मला कुठून माहीत असणार? मी त्याला फॅमिली डॉक्टरकडे जाऊन हृदयाची, साखरेची, कोलेस्टेरॉलची नीट तपासणी करून घ्यायला सांगितलं आणि बाळ वीस-बावीस वर्षांचं होईपर्यंत चालेल अशा टर्म इन्शुरन्सची चौकशी करायला सांगितलं. त्या वयात हप्ता जास्त बसतो, तोही त्याने हिशोबात धरला. समुपदेशकाने इन्शुरन्सचं बोलावं का, असं कोणी म्हणेल. भीती पैशाची असेल तर पैशाचंच बोलावं लागतं.

आता वयाचं. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय प्रश्न कागदावर लिहून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यायला मी सांगते, नाहीतर तिथे गेल्यावर अर्धे विसरतात. पण साधारण चित्र असं. चाळिशीनंतर आपोआप गर्भपात होण्याचं प्रमाण बरंच वाढतं, रक्तदाब आणि गर्भारपणातला मधुमेह जास्त आढळतो, सिझेरियनही जास्त होतात. बाळाला डाउन सिंड्रोम (गुणसूत्रांतला जन्मजात दोष) असण्याची शक्यता आईचं वय पंचवीस असताना साधारण 1250 जन्मांत एक असते, चाळीसला ती साधारण 100 त एक होते. सुनीलने मोबाइलवर हेच वाचलं होतं आणि रात्रभर जागला होता. शंभरातल्या नव्व्याण्णवांना तो नसतो, हे त्याच ओळीत दडलेलं होतं. आणि बापाच्या वाढत्या वयाचाही थोडा धोका असतो. त्याबद्दल मात्र आमच्याकडे कोणी चकार शब्द काढत नाही.

तपासण्यांना ठरलेल्या वेळा असतात. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचा भाग बघणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर ही रक्तचाचणी अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान. आईच्या रक्तातून होणारी एनआयपीटी दहाव्या आठवड्यानंतर. या चाचण्या धोका किती तेवढंच सांगतात; निदान पक्कं करायचं तर गर्भजल तपासणी, ती पंधरा आठवड्यांनंतर. पहिला रिपोर्ट ‘हाय रिस्क’ आला की लोक सुतकात बसतात, तो निकाल नसतो.

मुदतीचं बोलणंही टाळू नये. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, आणि गर्भनिरोधक साधन फसलं हे कारण कायद्याला मान्य आहे. 20 ते 24 आठवडे ठरावीक परिस्थितीतच आणि दोन डॉक्टरांच्या मताने. गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यानंतरही मेडिकल बोर्डाच्या परवानगीने. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही अनेक ठिकाणी मागतात, कायदा ती मागत नाही. पण 20 आठवडे आहेत म्हणून 20 आठवडे घोळत बसू नये. उशीर होईल तशी प्रक्रिया अवघड होते. आणि मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घरी घेण्याचा सल्ला शेजारीण देईल, तो ऐकू नये. मेधाला दोन आठवड्यांनंतरची एक तारीख ठरवायला सांगितली. त्या दिवसापर्यंत बोलायचं, त्या दिवशी ठरवायचं.

त्या दोन आठवड्यांत सगळ्यात कामाचं वाक्य सासूबाई बोलल्या. ठेवायचं झालं तर घरी आई आहेतच, असं मेधा आणि सुनील दोघांनी न विचारताच धरलं होतं. सासूबाई म्हणाल्या, ‘बाळ झालं तर मला आनंदच आहे. पण माझे गुडघे गेलेत. मी बाळाला न्हाऊमाखू घालणार नाही आणि दिवसभर एकटी सांभाळणार नाही. तासभर मांडीवर घेईन.’ मेधाला त्या क्षणी वाईट वाटलं. मला हायसं वाटलं. मालिशवाली, पाळणाघर, वरकामाची बाई हे खर्च सुनीलच्या कागदावर चढले ते त्यामुळे. आजी मनात कुढत ‘बघू गं’ म्हणाली असती तर सहा महिन्यांनी घरात भांडणं लागली असती.

नोकरीची भीती अर्धी माहितीनेच गेली. आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची 26 आठवडे पगारी रजा मिळते (तिसऱ्यापासून 12 आठवडे), त्या काळात कामावरून काढता येत नाही, आणि 50 किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय कंपनीने करायची असते. आईचं वय किती, हे या रजेच्या कायद्यात कुठेच विचारलेलं नाही.

राहिली सई. घरात सगळे तिला घाबरून होते. ‘तिला मैत्रिणींत लाज वाटेल’, हे मेधाने तीनदा तरी सांगितलं असेल. ठरवायच्या दिवसाआधीच सईने सोनोग्राफीची फाइल पाहिली, तीन दिवस आईशी बोलली नाही, आणि मग माझ्यासमोर येऊन बसली. लाजेचा विषय तिने काढलाच नाही. ‘डॉक्टरांनी मार्च सांगितलाय. माझी बोर्डाची परीक्षा तेव्हाच. मी झोपते हॉलमध्ये, अभ्यास करते हॉलमध्ये. बाळ कुठे ठेवणार? हॉलमध्ये. मी कुठे जाऊ, ते कोणी बोलतंय का?’ याला आपण मोठी माणसं मत्सर म्हणतो. तो चारशे चौरस फुटांचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर शेवटी तिनेच शोधलं. तिला आणि आजीला बेडरूम, आई-बाबा-बाळ हॉलमध्ये, आणि जानेवारीपासून संध्याकाळी अभ्यासिका.

जाताना दाराशी थांबून ती आणखी एक बोलली. आत्याला फोनवर म्हणताना तिने ऐकलं होतं, ‘बरं झालं, आता मुलगा होऊ दे.’ पहिली मुलगी असलेल्या घरात उशिरा दिवस राहिले की हे वाक्य हमखास येतं, मुलासाठी चान्स घेतलाय असंच लोक धरून चालतात. पहिल्या मुलीच्या कानावर ते कसं पडत असेल याचा विचार कोणी करत नाही. मी सुनीलला सांगितलं, बहीण तुमची आहे, बोलायचं तुम्ही. त्याने सईसमोर फोन लावला. ‘ताई, मुलगा हवा म्हणून हे चाललेलं नाही. पुन्हा असं बोलू नकोस, सईसमोर तर नाहीच.’ अबोल माणसाच्या मानाने हे भाषणच होतं.

ठरवायच्या दिवशी त्यांनी बाळ ठेवायचं ठरवलं. दरवेळी असंच व्हावं असं नाही. त्याच सुमारास येणारी एक 43 वर्षांची बाई, दोन मुलांची आई, हेच प्रश्न स्वतःला विचारून उलट निर्णयाला आली आणि तिने गर्भपात करून घेतला. नंतर ती आली ती अपराधी वाटतंय म्हणून नव्हे. तिला अपराधी वाटायला हवं असं बहिणीला वाटत होतं आणि तिला तसं वाटत नव्हतं, याचं काय करायचं, हे विचारायला. काही करायचं नसतं, असं मी सांगितलं.

सोसायटीच्या ग्रुपवर मेधाची चर्चा आठवडाभर रंगली. मग बिल्डरने भाड्याचे चेक थकवले आणि लोकांना महत्त्वाचा विषय मिळाला.

मुलगी झाली. रात्री उठण्याचं वेळापत्रक त्यांनी माझ्यासमोर लिहून काढलं होतं, ते पहिल्या आठवड्यातच कोलमडलं. पाळणाघर मात्र टिकलं. हल्ली ते दोघं येतात ते नव्याच भांडणासाठी. लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी सुनीलला विचारलं, ‘नात का?’ आणि तो ‘हो’ म्हणाला. मेधा शेजारीच उभी होती. ‘म्हणजे मी आजी?’ असं तिचं म्हणणं. चार मजल्यांत सगळी कहाणी कशी सांगणार, असं त्याचं. पुढच्या शुक्रवारची वेळ दिली आहे.