माऊची कोरोना टेस्ट पॉझिटिव्ह आलीय, आता काय करू?

प्रश्न : आमच्याकडे दोन मांजरी आहेत, एक चार वर्षांची आणि एक सात महिन्यांचं पिल्लू, शेल्टरमधून आणलेलं. पिल्लाला सारखी पातळ शी होतेय म्हणून टेस्ट केली तर कोरोना पॉझिटिव्ह! ट्रायकॅटची लस तर दिलीय, मग कसं काय? मुलांना लागेल का? सासूबाई म्हणतात सोडून ये त्याला. – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, पिल्लाला कुठेही सोडू नका. हा कोविडवाला कोरोना नाहीच, मांजरांचा वेगळा असतो, माणसांना लागत नाही. (कोविडचं उलटं झालं होतं, २०२० मध्ये तो माणसांकडूनच मांजरांना गेला, ब्राँक्स झूमधली वाघीणसुद्धा पॉझिटिव्ह निघाली.) आणि ट्रायकॅट पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस, कॅलिसी या मांजरांच्या तीन व्हायरसवरच, कोरोना त्यात नाही.

जिथं खूप मांजरं एकत्र तिथं हा व्हायरस असतोच, बहुतेकांना थोडे जुलाब होतात नाहीतर काहीच नाही. खरी भीती एफआयपीची (फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस), म्हणजे व्हायरस मांजराच्या अंगातच बदलतो आणि मग आजार गंभीर होतो. हे फार थोड्यांना होतं पण त्यात दोन वर्षांखालचीच जास्त, म्हणून दर आठवड्याला वजन करा. अँटिबायोटिकने न उतरणारा ताप, वजन घटणं, डोळ्याचा रंग बदलणं, चालताना तोल जाणं, पोट फुगणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. पोट फुगलं की लोक जंताचं औषध देत बसतात आणि तिथंच वेळ जातो. नुसत्या पॉझिटिव्ह टेस्टवरून मात्र एफआयपी ठरत नाही.

पूर्वी एफआयपी म्हणजे संपलंच, पण २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात प्राण्यांचे डॉक्टर आणि संशोधक निल्स पेडरसन यांच्या टीमने जीएस-४४१५२४ या औषधाने मांजरं बरी करून दाखवली, कोर्स साधारण ८४ दिवसांचा, खर्चिक आहे. डोस वजनावर आणि आजाराच्या प्रकारावर ठरतो त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवरून मागवून स्वतःच इंजेक्शन देऊ नका प्लीज.

घरात सगळा खेळ शीच्या डब्याचा आहे, कारण व्हायरस शीतूनच पसरतो आणि वाळलेल्या कणांत काही आठवडे टिकतो. दोन मांजरांना तीन डबे ठेवा, खाण्याच्या भांड्यांपासून लांब, शी दिवसातून दोनदा काढा. डबा पातळ केलेल्या ब्लीचने धुवा, नीट खंगाळा, वाळवा. फिनाइल, डेटॉल अजिबात नको, मांजरांना ते विषारी. मोठीला आता वेगळं ठेवून फारसा उपयोग नाही, तिला बहुतेक आधीच लागून गेला असेल. पिल्लाची नसबंदी मात्र पोट ठीक होईपर्यंत पुढे ढकलता येईल का ते डॉक्टरांना विचारा, ऑपरेशनचा ताण आत्ता नको.