आजोबांनी कांगोतून आणलेली आखूड तलवार खरोखर जुनी आहे का, हे कसे ओळखावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा १९६१-६२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या भारतीय तुकडीबरोबर कांगोच्या कटांगा प्रांतात होते, तिथून त्यांनी सव्वा फुटाची एक तलवार आणली. पाते पानाच्या आकाराचे, मूठ लाकडी, मुठीच्या गोल बोंडावर तांब्याच्या तारेची नक्षी. इंटरनेटवर कोणीतरी तिला ‘जल्लादाची तलवार’ म्हटले, म्हणून तुम्ही घाबरलात.

आधी जल्लाद बाजूला काढू. कांगोतल्या ज्या तलवारीला विक्रेते हे लेबल लावतात ती न्गुलू. ती न्टोंबा, न्गोम्बे अशा वायव्येकडच्या लोकांची, आणि तिचे पाते आकड्यासारखे वळलेले असते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपीय प्रवाशांनी शिरच्छेदाची चित्रे छापली आणि ते नाव चिकटले. लिलाववाल्यांना अजूनही ते सोडवत नाही. तुमच्या वर्णनात तसे काहीच नाही.

तुमची वस्तू मला कुबा लोकांची ‘इकुल’ वाटते. कासाई आणि सांकुरू या नद्यांच्या मधल्या प्रदेशात कुबांचे राज्य. सतराव्या शतकातला त्यांचा राजा श्याम आम्बुल आन्गूंग याने फेकून मारायचे ‘शोंगो’ नावाचे सुरे बंद केले आणि त्याजागी इकुल आणली, अशी त्यांची परंपरा सांगते. म्हणजे ही कमरेला लावून मिरवायची, शांततेच्या काळातली चीज. कुबा राजांच्या ‘न्दोप’ नावाच्या लाकडी मूर्ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यांच्या डाव्या हातात हीच इकुल दिसते. त्यातल्या एका राजाची खूण म्हणून त्याच्यापुढे चक्क ऐरण कोरली आहे. लोहारकामाला तिथे काय मान होता ते यावरून कळावे. काही इकुल तर पात्यासकट लाकडाच्या असतात, निव्वळ दिमाखासाठी.

आता कारागिरी. मी धातुशास्त्राचा माणूस, त्यामुळे माझी नजर पहिली पात्यावर जाते. पाते टोक वर करून धरा आणि मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवा. कांगो खोऱ्यातल्या बऱ्याच पात्यांत उजवा अर्धा भाग किंचित खोलगट आणि डावा फुगीर लागतो. पाते उलटे केले तरी पुन्हा उजवाच खोलगट! आडवा छेद घेतला तर इंग्रजी ‘झेड’सारखी वळलेली रेषा मिळेल. पन्हाळी पत्रा जसा पातळ असूनही वाकत नाही, तसे हे पाते थोड्या लोखंडात ताठ राहते. सगळे काम ठोकून आणि घासून केलेले, दोन्ही बाजू डोळ्यांच्या अंदाजाने जमवलेल्या. मला याचे फार कौतुक वाटते. मुठीवरच्या नक्षीपेक्षा जास्त. तुमच्या पात्यात हे असेलच असे नाही. सपाट पात्याला मधोमध उठवलेला कणा किंवा समांतर रेघाही असतात.

जुने स्थानिक लोखंड मातीच्या भट्टीत लोणारी कोळशावर, भाते मारून काढत. ते पूर्ण वितळत नसे. स्पंजासारखा गोळा निघे, तो ठोकून ठोकून मळी बाहेर काढत, तरी थोडी आत राहायचीच. म्हणून भिंगाखाली अशा पात्यावर लाकडाच्या रेषांसारखे बारीक तंतू दिसतात. कारखान्याचे पोलाद एकसारखे दिसते. पण तेवढ्यावरून ‘नकली’ ठरवू नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातले लोखंड स्वस्तात येऊ लागले आणि भट्ट्या विझत गेल्या; लोहार मात्र तेच होते. तांबे कटांगाच्या खाणींतले असू शकते, तिथे त्याचे फुलीच्या आकाराचे तुकडे चलन म्हणून चालत. पिवळी तार असेल तर ते पितळ, बहुधा व्यापारातून आलेले.

स्पष्टच सांगतो: १९६१-६२ मध्ये विकत घेतलेली वस्तू तेव्हाच परदेशी गिऱ्हाइकांसाठी बनवलेली असण्याची शक्यता मोठी आहे. खूण मुठीवर शोधा. वर्षानुवर्षे हाताळलेली मूठ जिथे तळवा टेकतो तिथेच गुळगुळीत आणि गडद होते, तारा तिथेच झिजतात. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल तर तो बहुधा लावलेला रंग. पात्याची शेपटी लाकडात शिरते तिथली फटही बघा. तापवून ठोकलेली असेल तर आतले लाकूड जळून काळे झालेले असते.

नक्षीच्या खाचांत लाल भुकटी दिसली तर ती गंज समजून धुऊ नका. कुबा लोक एका झाडाच्या लाल लाकडाची पूड, ‘तुकुला’, लाकडी वस्तूंना चोळतात. ती टिकली असेल तर उत्तमच.

देवाची भांडी घासतो तशी चिंच किंवा पितांबरी अजिबात लावू नका, सँडपेपर तर नकोच. मऊ कोरड्या फडक्याने पुसा आणि फक्त लोखंडाला शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. लाकूड कोरडेच राहू दे.

किंमत फोटो बघितल्याशिवाय कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. आजोबांचे त्या काळातले फोटो, पत्रे, सेवेची कागदपत्रे तलवारीसोबत जपा. जाणकार ग्राहक किंवा संग्रहालय आधी तेच मागेल. पाते ९ इंचांपेक्षा लांब भरले तर शस्त्र कायद्याच्या नियमांत ते धारदार शस्त्र ठरू शकते, तेव्हा विकण्याआधी किंवा कुरिअरने पाठवण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. दोन्ही बाजूंचे आणि मुठीच्या बोंडाचे फोटो, शेजारी पट्टी ठेवून, टाकलेत तर मी आणखी सांगू शकेन.