आधी नोंद, मग खड्डा

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचून आधी काळजी वाटली, मग राग आला. तुझा नाही, तुझ्या वृक्षोद्यानाच्या समितीचा. आधीच्या माणसाने जाताना झाडांच्या नोंदींची वही नीट सोपवली नाही, निम्म्या झाडांच्या पाट्या गायब, उरलेल्यांतल्या काहींवर भलतीच नावं, आणि अशा अवस्थेत वर्धापनदिनाला शंभर झाडं लावायचा बेत. प्रजाती कुठल्या निवडू, असं तू मला विचारतेस. आणि पत्राच्या अगदी शेवटी, घाईघाईने लिहिल्यासारखं, ‘की मी हे सोडूनच देऊ?’

सोडण्याबद्दल मी काही बोलणार नाही. ज्याला सोडायचं असतं तो पुसट झालेल्या पाट्यांवर एवढं मोठं पत्र लिहीत बसत नाही. प्रजातींचं उत्तर मात्र तयार आहे: एकही नको. आज तुझ्या आवारात जे उभं आहे ते झाडन् झाड वहीत येईपर्यंत नवा खड्डा खणायचा नाही. आधी नोंद, मग खड्डा. समितीला हे आवडणार नाही. न आवडू दे.

एखाद्या साध्या बागेतही तुझ्याकडच्या झाडांपेक्षा उंच, देखणी झाडं असतील. पण हे झाड आलं कुठून, बियांचं की कलमाचं, कुणी आणलं, कुठल्या साली लावलं, असं तिथे विचारलं तर सांगणारं कुणी नसतं. तुला सांगता आलं पाहिजे. तेवढ्याच जोरावर आपण आपल्या जागेला वृक्षोद्यान म्हणतो.

फ्रँकलिनिया नावाचं पांढऱ्या फुलांचं झाड आहे. जॉन आणि विल्यम बार्ट्रम या बापलेकांना ते 1765 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात, अल्टामाहा नदीकाठी दिसलं. 1803 नंतर ते रानात कुणालाही सापडलेलं नाही. आज जगभरच्या बागांत जी फ्रँकलिनिया उभी आहेत, ती बार्ट्रम मंडळींनी जमवलेल्या बियांचीच पिढी. पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरचं टोरोमिरो हे झाडही असंच रानातून संपलं. थॉर हायरडाल या नॉर्वेच्या संशोधकाच्या मोहिमेत, 1950 च्या दशकात, गोळा केलेल्या बियांमुळे त्याचा वंश बागांमध्ये टिकला. पुढे ते बेटावर परत न्यायची वेळ आली तेव्हा ठिकठिकाणची झाडं तपासावी लागली, आणि टोरोमिरो म्हणून जपलेली काही झाडं सोफोरा या त्याच्याच गटातल्या दुसऱ्याच प्रजातीची निघाली. तिथल्या माळ्यांनी कसूर केली नव्हती. पाणी, खत, छाटणी, सगळं वेळच्या वेळी झालं होतं. फक्त चुकीच्या पाटीचं.

माझ्याकडे असलं दुर्मिळ काही नाही, असं तू म्हणशील. नसेलही. पण वहीच नाही तर तुला ते कळलं कसं?

तर कामाची रीत सांगतो. प्रत्येक झाडाला दाखल क्रमांक द्यायचा: आधी साल, मग त्या सालातला अनुक्रमांक, आणि एकाच खेपेत एकाहून जास्त रोपं आली असतील तर शेवटी अक्षर. 2024-0017-ए, 2024-0017-बी, असं. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही. झाड मेलं तरी नाही. ओळ खोडायची नाही. कधी मेलं, कशाने मेलं, ते त्याच ओळीत लिहायचं. मेलेल्या झाडांच्या ओळीच पुढच्या माणसाला सर्वांत जास्त शिकवतात, आणि समित्या नेमक्या त्याच ओळी पुसून टाकायला सांगतात. तुलाही सांगतील. ऐकू नकोस.

उगम कुठला, हा रकाना कधीही रिकामा सोडू नकोस. जगभरच्या वनस्पती उद्यानांनी त्यासाठी अक्षरं ठरवली आहेत: रानातून थेट आणलं असेल तर डब्ल्यू, रानातल्या मूळ झाडापासून बागेत वाढवलं असेल तर झेड, बागेतूनच आलं असेल तर जी, आणि ठाऊक नसेल तर यू. तुझ्या पहिल्या यादीत यूच यू दिसतील. दिसू देत. अंदाजाने लिहिलेला डब्ल्यू हा खोटा दाखला आहे. पुढे कुणी त्याच्या भरवशावर बी नेईल, त्याची रोपं दुसऱ्या उद्यानात जातील, आणि तुझा अंदाज तिथे वस्तुस्थिती म्हणून नांदेल.

सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, असंही विचारलं आहेस. साधी स्प्रेडशीट पुरे, आणि तिची छापील प्रत दुसऱ्या इमारतीत ठेव. जागेची नोंद नुसत्या फोनवर सोपवू नकोस. दाट पानांखाली फोनचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, आणि शेजारी शेजारी दोन सारखी झाडं असली की तेवढ्यात घोटाळा होतो. दोन पक्क्या खुणा धर, विहिरीचा कठडा, भिंतीचा कोपरा, आणि दोन्हींपासून टेपने अंतर मोजून लिही. नाव अडलं तर पान, फूल, फळ असेल तो भाग दाबून वाळव, क्रमांक घालून हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाला, पाठव. ओळख पटेपर्यंत नावाचा रकाना कोरा राहिला तरी चालेल, पण क्रमांक आजच पडला पाहिजे.

जुन्या झाडांजवळ मात्र सावकाश जा. खोडाभोवती पूर्ण फिर, हात लावून बघ. आमच्याकडे एका मॅग्नोलियाच्या खोडावर, छातीच्या उंचीला, सालीत बोटभर लांब आडवी फट होती. किडीची असेल असं सगळे समजत होते. टॉर्च तिरपा धरला तर आत ॲल्युमिनियमची कड चमकली. कधीकाळी कुणी पाटी खिळ्याने गच्च ठोकली होती. खोड जाड होत गेलं आणि सालीने ती पोटात घेतली. छिन्नी लावायची इच्छा झाली होती, पण लावली नाही. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा फटीत सरकवला आणि उलटे दिसणारे शेवटचे तीन आकडे वाचले. त्या आकड्यांवरून जुन्या वहीतली ओळ सापडली, ओळीवरून बियांचं पाकीट कुठून आलं ते सापडलं. यू जाऊन तिथे खरं अक्षर आलं. तो दिवस मला कुठल्याही लागवडीच्या सोहळ्यापेक्षा मोठा वाटतो. आणि म्हणून सांगतो, पाटी कधी घट्ट ठोकायची नाही, तार खोडाभोवती आवळायची नाही. बाजूच्या फांदीला सैल लटकव, किंवा स्क्रू आणि साल यांच्यामध्ये स्प्रिंग घालून जागा ठेव आणि अधूनमधून स्क्रू सैल करत जा.

ही सगळी कारकुनी आहे, झाडांची सेवा नाही, असं तुझ्या स्वयंसेवकांपैकी कुणी म्हणालं ना? तू ते वाक्य जसंच्या तसं लिहिलंस, म्हणजे तुलाही ते लागलं. मला हे वाक्य आयुष्यभर ऐकावं लागलं आहे, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

आमच्या एका रांगेतलं तरुण झाड खंगत चाललं होतं. पाणी होतं, कीड नव्हती. बुंध्याशी बसून पाहिलं तर खोड खांबासारखं सरळ जमिनीत शिरलेलं. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीला टेकताना पसरतो, मुळं फुटतात तिथला फुगवटा वर दिसतो. इथे तो नव्हताच. हाताने माती उकरली तेव्हा वीतभर खाली सापडला, आणि त्याच्यावरून आडवं गेलेलं एक मूळ सालीत रुतत चाललेलं होतं. रोपवाटिकेतूनच ते जास्त खोल भरून आलं होतं. आता पुढचं ऐक. त्याच खेपेतली बाकीची झाडं आवाराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत लावली होती आणि वरून ठणठणीत दिसत होती. ती कुठली, हे मला वहीने सांगितलं. एकेकाच्या बुंध्याशी जाऊन माती काढली, रुतणारी मुळं कापली. पानं पिवळी पडायची वाट बघितली असती तर उशीर झाला असता. याला सेवा म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या टर्नर ओकची हकीगत स्वयंसेवकांना सांग. ते म्हातारं झाड कित्येक वर्षं खंगत होतं. ऑक्टोबर 1987 च्या वादळात क्यूमधली सुमारे 700 झाडं गेली. हा ओक मात्र वाऱ्याने मुळांसकट उचलला आणि पुन्हा जागच्या जागी बसवला. टेकू देऊन ठेवला, नंतर बघू म्हणून. तीनेक वर्षांनी पाहिलं तर तो आधीपेक्षा टवटवीत. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी मुळांवरची माती दगडासारखी घट्ट झाली होती, ती वादळाने हलवून सैल केली. तेव्हापासून क्यूमध्ये इतर जुन्या झाडांखालची मातीही दाबाच्या हवेने मोकळी करू लागले. हा ओक आधी खंगत होता हे तिथल्या लोकांना पक्कं माहीत होतं, म्हणून तर नंतरचा फरक त्यांच्या डोळ्यांत भरला. आधीची अवस्थाच कुणाला ठाऊक नसती, तर एक बरं दिसणारं झाड म्हणून त्याच्यापुढून सगळे निघून गेले असते.

यातून तुझ्यापुरतं एवढं घे: मोठ्या झाडांच्या सावलीत खुर्च्या मांडायच्या नाहीत, गाड्या लावायच्या नाहीत. पालापाचोळ्याचं आच्छादन पाच ते दहा सेंटिमीटर जाड, रुंद पसरलेलं, आणि बुंध्यापासून हातभर दूर. तुझ्याकडे बुंध्याशी रचलेले आच्छादनाचे ढीग आजच मोडून टाक. छाटणीत फांदीच्या मुळाशी असलेली सालीची वळी शाबूत ठेवायची आणि कापलेल्या जागी रंग, डांबर काही फासायचं नाही. ॲलेक्स शायगो या अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञाने झाडं उभी चिरून हे दाखवून दिलं त्याला कितीतरी वर्षं झाली. आणि काय कापलं, कधी कापलं, ते त्याच दिवशी वहीत. संध्याकाळी घरी गेल्यावर लिहू म्हटलं की ते राहिलंच म्हणून समज.

मी हट्टी आहे असं तुझ्या कानावर आलंच असेल. खरं आहे. आम्ही कामाला लागलो तेव्हा मी काही हंगाम लागवड पूर्ण थांबवली होती. लोक चिडले. वर्तमानपत्रात छापायला फोटो नाही, देणगीदारांना दाखवायला रोप नाही. माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून असलेला एक सोबती म्हणाला, तुला झाडांपेक्षा कागद प्यारे आहेत. तो गेला, आणि पुढे आमचं बोलणंही राहिलं नाही. त्याच्या हाताला कलमं लागायची तशी मी दुसऱ्या कुणाच्या हाताला लागलेली पाहिली नाहीत. तो गेल्याची खंत मला आजही आहे. पण तोच प्रसंग पुन्हा आला तर मी तेच करीन. कारण त्या हंगामांत आम्ही जी वही उभी केली, तिच्यामुळेच आज एखाद्या उद्यानाने आमच्याकडे बी मागितलं तर मी त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन ते देऊ शकतो. त्याला हे कधी समजावता आलं नाही. तुझ्या माणसांना तू नीट समजाव. माझ्यापेक्षा गोड बोलून सांग, पण सांगायचं तेच: आधी नोंद, मग खड्डा.

आणि स्मृतिवृक्षांबद्दल. कुणाच्या आईच्या नावाने झाड लावायला नाही म्हणणं किती जड जातं हे मला माहीत आहे. नाही म्हणू नकोस. पण प्रजाती तुझ्या यादीतली, जागा तू ठरवलेली, आणि झाड संस्थेचं, हे तिन्ही आधी लेखी घे. झाड मेलं तर काय करायचं तेही त्याच कागदात असू दे; रडत आलेल्या माणसासमोर नियम बनवता येत नाहीत.

वृक्षोद्यान म्हणून मानांकन मिळवायचं म्हणतेस, त्याची घाई कशाला? आर्बनेट ही वृक्षोद्यानांना मानांकन देणारी व्यवस्था, तिच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीला किमान 25 प्रकारची झाडं लागतात, दुसरीला 100, तिसरीला 500. 25 तर तुझ्याकडे आजच असतील. पण त्यांना पाट्या लावलेली झाडं हवी असतात, आणि लेखी आराखडाही. म्हणजे घूमफिरके तू वहीपाशीच येतेस.

तेव्हा समितीच्या बैठकीत असं मांड. वर्धापनदिनाला लोकांना जरूर बोलवा. दोघादोघांच्या जोड्या करा, एकाच्या हातात टेप, दुसऱ्याच्या हातात वही. खोडाचा घेर जमिनीपासून 1.3 मीटरवर मोजायचा, बुंध्याशी माती किती चढली आहे ते बघायचं, पाटी आहे का ते शोधायचं. शंभर खड्ड्यांऐवजी शंभर नोंदी. मुलांना हे काम खड्डे खणण्यापेक्षा जास्त आवडतं, मी पाहिलं आहे. अध्यक्षांना फोटोच हवा असेल तर टेप धरलेला फोटो काढ.

ते झालं की प्रजातींची यादी घेऊन ये. तेव्हा हवं तितकं बोलू. आणि ज्या ओकचं खोड फाटतंय असं लिहिलं आहेस त्याचा फोटो लगेच पाठव. शेंड्याचा नको. आच्छादन बाजूला सारून, जमिनीलगतच्या बुंध्याचा, चारही बाजूंनी. आणि त्याचा क्रमांक काय पडला तेही कळव.

अनेक आशीर्वाद.