कृत्रिम पाय बोर्डवर ठेवू की त्याने ढकलू?

प्रश्न : दादा, मी 19 वर्षांचा, नाशिकचा. लहानपणी अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला, जयपूर फूट वापरतो, स्कूटी आरामात चालवतो. मित्राच्या स्केटबोर्डवर चढून बघितलं, दोन्ही पाय ठेवून उभं राहता येतं पण डावा पुढे ठेवून उजव्याने ढकलायला गेलो की बोर्ड एकीकडे नि मी एकीकडे. आई म्हणते एक पाय गेला तेवढा पुरे. हे खरंच जमण्यासारखं आहे का?

उत्तर : अरे जमतं ना! टेक्सासचा जॉन कोमर कृत्रिम पाय लावून प्रो स्केटर झाला होता, आणि ब्राझीलचा फेलिपे नुनेस तर दोन्ही पाय नसताना बोर्डवर बसून हातांनी जमीन ढकलतो आणि पायऱ्यांवरून खाली उड्या मारतो, प्रसिद्ध अमेरिकन स्केटर टोनी हॉकने त्याला आपल्या बर्डहाऊस या स्केटबोर्ड कंपनीच्या टीममध्ये घेतलंय. अर्थात आईला ही नावं सांगून काही होणार नाही, तिच्यासमोर हेल्मेट, रिस्ट गार्ड आणि नी पॅड घालून उभा राहा, ते जास्त पटतं.

आता बोर्ड का पळतो ते बघ. ढकलताना सगळं वजन बोर्डवरच्या एकाच पायावर येतं आणि तो पाय घोट्यातून सारखा बारीक बारीक तोल सावरत असतो, टाचेकडे, बोटांकडे, आपल्याला कळतही नाही. जयपूर फूट रबराचा असल्याने थोडा वाकतो खरा, पण बोर्ड कुठे कलतोय हे त्याला कळत नाही आणि तो स्वतःहून सावरतही नाही. म्हणून माझं मत, उलटं कर. उजवा पुढे, डाव्याने ढकल, याला गूफी म्हणतात आणि धडधाकट पायाचे कितीतरी लोक असंच चालवतात, त्यात कमीपणा काही नाही. तोटा एकच, प्रत्येक ढकलीचा हादरा स्टंपला, म्हणजे गुडघ्याखाली उरलेल्या पायाला बसतो, त्यामुळे लांब टांगा टाकू नकोस, छोटे हलके पुश दे, आणि सुरुवातीला मित्राच्या खांद्यावर हात ठेव. काहींना कृत्रिम पाय पुढे ठेवूनच जमतं, तेव्हा महिनाभराने परत तुझ्या पद्धतीने करून बघ.

ट्रकचे, म्हणजे बोर्डखाली चाकं धरणाऱ्या धातूच्या भागांचे, मधले नट आधी जरा आवळून घे म्हणजे बोर्ड डुलणार नाही, सवय झाली की पाव पाव फेरा सैल करत जा. चाकं 78ए च्या आसपासची मऊ घे (हा आकडा कडकपणाचा, जितका कमी तितकं चाक मऊ), खेळण्यांच्या दुकानातला कडक प्लास्टिकच्या चाकांचा बोर्ड आपल्या रस्त्यावर एका खड्याला अडकतो आणि तू तोंडावर. बूट दोन्ही सपाट तळाचे, पण तुझा पाय कोणत्या उंचीच्या टाचेसाठी सेट केलाय ते पाय बनवणाऱ्याला आधी विचार, टाच बदलली की गुडघा पुढेमागे ढकलला जातो आणि तोल जातो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाम. सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप बसतो तो कप, आतून ओलं झालं की पाय फिरायला लागतो, म्हणून स्टंपवर घालायचे जास्तीचे मोजे बॅगेत ठेव, मधेमधे पाय काढून पुसून घे आणि स्टंप नीट बघ. लाल डाग थोड्या वेळात गेला नाही किंवा कातडी सोलली असेल तर त्या दिवशी बोर्ड बंद, आणि तसं परत परत व्हायला लागलं तर सॉकेट दाखवून नीट बसवून घेतल्याशिवाय चढू नकोस.