हप्ते थकले, म्हणजे फसवणूक झाली का?

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून या अंकात ती एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत.

पत्र पहिले

स. न. वि. वि. कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ माझे लहानसे मशीन शॉप होते. फाउंड्रीतून कास्टिंग आणायचे, मशीनिंग करून परत पोहोचवायचे, असा आमचा जॉबवर्कचा धंदा. एका राष्ट्रीयीकृत बँकेचे १८ लाखांचे कर्ज काढून मी व्हीएमसी (धातूचे भाग कापून-घासून घडवणारे संगणकनियंत्रित) मशीन घेतले. ते बँकेकडे नजरगहाण आहे, म्हणजे ताबा माझ्याकडे, पण तारण बँकेचे. जुलै २०२४ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा क्रेन बोलावून मशीन गोकुळ शिरगावला मित्राच्या शेडमध्ये हलवले आणि पुढे तेथेच काम सुरू ठेवले. बँकेच्या साहेबांना फोनवर सांगितले होते, लेखी काही दिले नाही. त्यानंतर एका फाउंड्रीने काम कमी केल्यामुळे पाच हप्ते थकले. आता कारणे दाखवा नोटीस आली आहे. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांना शाहूपुरीच्या शेडला कुलूप दिसले, त्यामुळे मशीन परस्पर विकले असे धरून खाते ‘फ्रॉड’ का ठरवू नये, अशी विचारणा आहे. मेहुणे म्हणतात, दागिने मोडा आणि सगळे भरून टाका, विषय मिटेल. एक गृहस्थ पंधरा हजारांत सिबिल साफ करून देतो म्हणतात. काय करावे?

उत्तर

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: ‘लेखी काही दिले नाही.’ बँकेचा संशय या एका गोष्टीतून उभा राहिलेला आहे, पाच हप्त्यांमधून नव्हे. आणि तुमचे उत्तरही तेथूनच सुरू झाले पाहिजे.

हप्ता थकणे आणि फसवणूक करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या भाषेत एनपीए होते, आणि किती दिवसांचा उशीर झाला हे क्रेडिट अहवालात महिन्यागणिक दिसते. ही नोंद त्रासदायक असली, तरी तिच्यात तुमच्या हेतूविषयी काही म्हटलेले नसते. फसवणुकीच्या नोंदीत मात्र हेतूचाच आरोप असतो. रिझर्व्ह बँकेने १५ जुलै २०२४ रोजी काढलेल्या निर्देशांत फसवणुकीचे प्रकार सांगितले आहेत: निधीचा अपहार, विश्वासघात, बनावट कागदपत्रे, वस्तुस्थिती लपवून केलेली फसवणूक इत्यादी. नुसता हप्ता न भरणे हा त्यांतला प्रकार नाही. तिसरा शब्द ‘विलफुल डिफॉल्टर’, म्हणजे ऐपत असूनही कर्ज न फेडणारा. परंतु ती वर्गवारी २५ लाख आणि त्यावरील थकीत रकमांसाठी असल्याने १८ लाखांच्या तुमच्या कर्जाला लागू होत नाही. वसुलीसाठी येणारी माणसे हे तिन्ही शब्द एकाच दमात वापरतात आणि समोरचा माणूस घाबरून जातो. म्हणून आपल्यावर नेमका कोणता आरोप आहे, हे आधी नोटिशीतून शोधून त्याखाली रेघ मारावी.

नोटीस आली ही, विचित्र वाटेल, पण तुमच्या दृष्टीने बरी गोष्ट आहे. स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध राजेश अग्रवाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ रोजी असा निर्णय दिला की, खाते फसवणुकीचे ठरवणे म्हणजे कर्जदाराला काळ्या यादीत टाकण्यासारखेच असल्यामुळे, तसे करण्यापूर्वी त्याला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे आणि आदेश कारणांसह दिला पाहिजे. पुढच्या वर्षीच्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने हेच नियमात बसवले: नोटिशीत व्यवहारांचा व घटनांचा पूर्ण तपशील हवा, उत्तरासाठी किमान २१ दिवस मिळाले पाहिजेत, आणि अंतिम आदेशात तुमच्या उत्तराचा विचार केलेला दिसला पाहिजे. म्हणजे तुमच्या खात्यावर शिक्का अजून बसलेला नाही, आणि तो बसू नये यासाठी हे २१ दिवस आहेत. नोटिशीचे पाकीट फेकू नका, त्यावरील टपालाची तारीख लागेल.

आता उत्तराविषयी. आमच्या अनुभवात अशा उत्तरांचे दोन नमुने हमखास दिसतात. एकात पूर, मंदी, आईचे आजारपण असे दोन पाने दुःख लिहिलेले असते आणि मशीन कोठे आहे हे शेवटच्या ओळीत येते. दुसऱ्यात वकिलाने कायद्याची कलमे रचलेली असतात आणि मशीन कोठे आहे हे येतच नाही. तुम्ही पहिल्याच परिच्छेदात लिहावे की, मशीन विकलेले नाही, ते अमुक गट क्रमांकावरील अमुक शेडमध्ये चालू स्थितीत आहे आणि बँकेने तारीख कळवून पंचांसमक्ष त्याची पाहणी करावी. सोबत छायाचित्रे जोडा. पण मशीनचे नुसते समोरून काढलेले छायाचित्र काहीच सिद्ध करीत नाही, कारण तसली मशीन गोकुळ शिरगावात शेकडो असतील. मशीनच्या अंगावर मेकर कंपनीने रिबिट मारून बसवलेली पत्र्याची पट्टी असते, तिच्यावरचा अनुक्रमांक तेल-बुरा पुसून स्वच्छ वाचता येईल असा टिपा आणि बँकेला दिलेल्या खरेदी बिलावरील अनुक्रमांक शेजारी ठेवा. त्यानंतर क्रेनवाल्याची पावती, त्या शेडचे वीजबिल, आणि मुख्य म्हणजे ऑगस्ट २०२४ पासूनची जॉबवर्कची चलने जोडा. विकलेल्या मशीनवर कोणी दीड-दोन वर्षे कास्टिंग घासत बसत नाही. तुमच्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा चलनांच्या त्या फायलीत आहे. मित्राने शेड वापरू दिल्याचे प्रतिज्ञापत्र करून दिले, तर तेही घ्यावे. ज्यांना फोन केला त्या अधिकाऱ्यांचे नाव व साधारण तारीख लिहा, आणि तो फोन नोंदींमध्ये सापडत असेल तर त्याची प्रत जोडा.

त्याच उत्तरात पाहणी अहवालाची प्रत मागा. अधिकारी किती वेळा आले, तुम्हाला फोन केला होता का, शेजाऱ्याकडे चौकशी केली का, हे त्या अहवालातून कळते. परवानगीवाचून मशीन हलवले ही चूक मात्र स्पष्ट शब्दांत मान्य करावी. नजरगहाणाच्या करारात जागा बदलण्यापूर्वी बँकेला कळवण्याची अट असते आणि तुम्ही ती पाळलेली नाही. ते नाकारण्याने तुमच्या खऱ्या मुद्द्यावरचाही विश्वास कमी होईल. अट मोडणे निराळे, माल विकून खाणे निराळे, एवढाच फरक दाखवून द्यायचा आहे. उत्तर शाखेत देऊन स्थळप्रतीवर आवक शिक्का व सही घ्या आणि एक प्रत नोटिशीवर सही करणाऱ्या कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवा. काउंटरवरील ओळखीच्या माणसाने ‘राहू दे, मी साहेबांना देतो’ म्हटले, तरी शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

मेहुण्यांच्या सल्ल्यात आपुलकी आहे, हिशेब नाही. एकदा खाते फसवणुकीचे ठरले, तर त्याची माहिती रिझर्व्ह बँकेकडे जाते, बँकांना पाहता येणाऱ्या केंद्रीय फ्रॉड नोंदवहीत ती येते, आणि पोलिसांकडेही तक्रार जाते. पैसे भरल्याने ती नोंद आपोआप पुसली जात नाही. उलट, नव्या कर्जाला जी पाच वर्षांची बंदी असते, तिची मोजणी फसवणुकीची रक्कम पूर्ण फेडल्याच्या दिवसापासून, किंवा तडजोड झाली असेल तर ठरलेली रक्कम भरल्याच्या दिवसापासून सुरू होते. आणि पाच वर्षांनंतरही कर्ज द्यायचे की नाही हे त्या त्या बँकेच्या मर्जीवर राहते. तेव्हा आधी शिक्का टाळणे आणि मग देणे फेडणे, असा क्रम ठेवावा. जमेल तेवढा हप्ता मात्र आजच भरायला लागा, कारण फेडण्याची इच्छा कृतीतून दिसते. दागिने मोडण्याची घाई नको. भरण्याच्या पत्रात ‘थकीत हप्त्यांपोटी’ असेच लिहा. फसवणूक मान्य केल्यासारखी भाषा असलेल्या छापील अर्जावर, तो वाचून समजल्याखेरीज, सही करू नका. एकरकमी तडजोड केलीत, तर क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो, आणि पुढचा कर्ज देणारा त्याचा अर्थ ‘पूर्ण फेडले नाही’ असाच घेतो.

पंधरा हजारवाल्या गृहस्थांना नमस्कार करून मोकळे व्हा. क्रेडिट माहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांपैकी प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा असतो. चारही मागवा, कारण एकीत दुरुस्त झालेली चूक दुसरीत तशीच राहिलेली आढळते. नोंद चुकीची असेल, तर दुरुस्तीची तक्रार तुम्हाला स्वतःला फुकट करता येते. कंपनी ती बँकेकडे पाठवते आणि बँकेने दुजोरा दिल्याशिवाय एक अक्षरही बदलू शकत नाही. मग हे गृहस्थ कोणते अक्षर बदलणार? ३० दिवसांत तक्रारीचा निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने केलेला आहे. दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते आणि १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. खरी थकबाकी मात्र कोणालाच पुसता येत नाही. खऱ्या नोंदीवर पुढचे हप्ते वेळेवर भरण्याखेरीज उपाय नाही.

इतके करूनही आदेश विरुद्ध गेला, तर त्यातील कारणे वाचा. तुमच्या चलनांचा उल्लेखच नसेल, किंवा नोटिशीत नसलेला मुद्दा आदेशात घुसवलेला असेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाल्यामुळे त्यासाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. एक सावधगिरी: पोलिसांत गुन्हा नोंदवण्यापूर्वी बँकेने तुमचे ऐकून घेणे बंधनकारक नाही, असेही राजेश अग्रवाल प्रकरणाच्या निर्णयातच म्हटले आहे. पोलीस ठाण्यातून बोलावणे आले, तर फौजदारी काम करणारा वकील सोबत घ्या.

पत्र दुसरे

माझा मुलगा शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये आहे. त्याने तेथे एका ऑनलाइन कंपनीकडून छोटे कर्ज घेतले आणि अर्धवेळ नोकरी सुटल्याने पहिलाच हप्ता चुकला. नंतर अचानक त्याचे बँक खाते बंद झाले आणि दुसरी बँकही खाते उघडून देईना. ‘सायफास मार्कर’ लागला आहे असे तो म्हणतो. मी येथून पैसे पाठवले तर तो निघेल का? (एक आई, राजारामपुरी)

उत्तर

ताई, नुसते पैसे पाठवल्याने निघणार नाही, आणि कारण वर सांगितले तेच आहे: तो शिक्का थकबाकीचा नाही, हेतूचा आहे. सायफास ही १९८८ पासून चालत आलेली ब्रिटनमधील संस्था असून तिच्या सदस्य कंपन्या फसवणुकीचा संशय असलेल्या व्यक्तींची नोंद एका सामायिक नोंदवहीत करतात. ही नोंद सहा वर्षांपर्यंत राहू शकते. पहिलाच हप्ता चुकला, की फेडण्याचा विचारच नव्हता असा निष्कर्ष काही कंपन्या काढतात. परंतु फसवणूक झाली असे मानायला वाजवी आधार आणि स्पष्ट, संबंधित व कसोशीने तपासलेला पुरावा हवा, ही सायफासचीच अट आहे.

पुढची पावले मुलानेच उचलायची आहेत. प्रथम सायफासकडे स्वतःविषयीची माहिती मागवावी, त्याला शुल्क नाही. कोणत्या कंपनीने, कोणत्या प्रकाराखाली नोंद केली हे कळले, की त्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी. अर्ज करताना नोकरी होती हे दाखवणाऱ्या पगाराच्या पावत्या, नोकरी सुटल्याची तारीख, आणि हप्ता चुकल्यानंतर त्याने कंपनीला स्वतःहून पाठवलेला एखादा संदेश असेल तर तो जोडावा. कंपनीला आठ आठवड्यांची मुदत असते. तिने नकार दिला, तर सायफासकडे फेरतपासणी मागता येते आणि तेथील वित्तीय लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. मात्र कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर सहा महिन्यांच्या आत जावे लागते. पैसे जरूर पाठवा, देणे ते देणेच आहे. फक्त ‘पैसे भरले, आता काढा’ असे लिहू नये, ‘फेडण्याचा हेतू पहिल्यापासून होता, हा पुरावा’ असे लिहावे. आणि त्याच्या नावावरच्या खात्यातून मित्रांचे पैसे फिरवून द्यायचे प्रकार कधी झाले असतील, तर ते त्याला आधीच विचारून घ्या. कारण मग प्रश्न हप्त्याचा उरत नाही.

पत्र तिसरे

भाच्याच्या पतसंस्थेतील कर्जाला मी जामीन आहे. तो हप्ते भरत नाही. माझे नाव फ्रॉडमध्ये जाईल का? (निवृत्त शिक्षक, गारगोटी)

उत्तर

गुरुजी, पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही, त्यामुळे वर सांगितलेले फसवणुकीचे निर्देश तेथे लागू होत नाहीत. तुमची खरी काळजी निराळी असायला हवी. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवून पतसंस्था थेट तुमच्याकडेही वसुलीला येऊ शकते. त्या कार्यवाहीची नोटीस आली तर घरी बसून राहू नका. तारखेला हजर राहून खातेउतारा मागा, आणि भाच्याने भरलेल्या पावत्या त्यात जमा दिसतात का, ते ओळीने ताडून पाहा.