गिअरबॉक्स घरी बदलल्यानंतर इंजिन चालू असताना गिअर पडत नसतील, तर काय तपासावे?

आपण धायरीतील सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुन्या वॅगन आरचा गिअरबॉक्स स्वतः बदलला. आता इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, पण इंजिन सुरू केले की पहिला अडतो आणि रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. नाना पेठेतून आणलेला वापरलेला गिअरबॉक्सच खराब निघाला का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते त्याला दोष देण्याची घाई करू नये. इंजिन बंद असताना गिअर पडत असतील तर लिव्हरची जोडणी आणि आतील फोर्क (गिअर सरकवणारे काटे) बहुधा ठीक आहेत, आणि संशय क्लचवर, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला जोडणाऱ्या व सोडवणाऱ्या भागावर जातो, कारण पेडल पूर्ण दाबूनही तो सुटत नसावा. रिव्हर्सला बहुतेक गाड्यांत सिंक्रोनायझर (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारा भाग) नसतो, त्यामुळे क्लच थोडासा जरी धरून राहिला तरी पहिली तक्रार तेथूनच येते.

खात्रीसाठी गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून आणि मागच्या चाकांना अडसर लावून पुढचे एकच चाक जॅकने उचलावे व त्या बाजूला लगेच जॅक स्टँड द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. किल्ली काढून घ्यावी, पहिला गिअर टाकावा, सोबत्याला क्लच पूर्ण दाबून धरायला सांगावे आणि उचललेले चाक हाताने फिरवून पाहावे. चाक फिरले तर क्लच सुटतो आहे. घट्ट बसून राहिले तर सुटत नाही. दोन्ही चाके उचलून ही चाचणी केल्यास डिफरन्शिअलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचामुळे) एक चाक पुढे आणि दुसरे उलटे फिरते, क्लच धरलेला असतानाही चाक मोकळे वाटते, आणि निष्कर्ष साफ चुकतो. म्हणून दुसरे चाक जमिनीवर टेकलेलेच हवे.

चाक अडले तर आधी क्लच केबल पाहावी. गिअरबॉक्स उतरवताना ती सोडलेली असते आणि परत जोडताना बहुधा ढिली राहते. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पेडलचा मोकळा खेळ (क्लचवर जोर येण्याआधी पेडल सैल हलते ते अंतर) जेवढा दिला असेल तेवढाच ठेवावा; खेळ अजिबात न ठेवता केबल ताणली तर गिअर पडू लागतील, पण रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) सतत दाबलेले राहून लवकर खराब होईल आणि क्लच घसरू लागेल.

केबल नीट लावूनही चाक अडत असेल, तर मात्र गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल. जोडणीच्या वेळी गिअरबॉक्सचा भार क्षणभर जरी इनपुट शाफ्टवर (क्लच प्लेटमध्ये शिरणाऱ्या गिअरबॉक्सच्या दांड्यावर) लोंबकळला असेल, तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकू शकतो आणि प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या टोकावरील जड चकतीला) घासत राहते. हा दोष बाहेरून दिसत नाही, म्हणून प्लेट हातात घेऊन फिरवून पाहावी. प्लेट उलटी बसली आहे का, हेही पाहावे. फ्लायव्हीलकडची बाजू बहुधा प्लेटवर छापलेली असते. तिसरी गोष्ट मी विशेष आग्रहाने सांगेन, ती म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत धरणाऱ्या डॉवेल पिना. त्या कधीकधी जुन्या गिअरबॉक्सलाच चिकटून जातात आणि नव्या जोडणीत त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. बोल्ट तर सगळे घट्ट बसतात, पण शाफ्ट किंचित तिरका राहतो. जुना गिअरबॉक्स अजून आपल्याकडे असेल, तर त्याच्या तोंडाशी बोट फिरवून पिना तपासाव्यात, आणि तो भंगारात देण्यापूर्वीच तपासाव्यात.

पुन्हा बसवताना इंजिन आणि गिअरबॉक्समधली फट बोल्ट आवळून ओढून घेऊ नये. अलाइनमेंट टूलने प्लेट मध्यावर आणून ठेवली की गिअरबॉक्स हाताच्या जोराने पूर्ण टेकायला हवा. टेकत नसेल तर काहीतरी अडले आहे, आणि अशा वेळी बोल्टवर जोर दिल्यास गिअरबॉक्सचे आवरणच तडकू शकते. काम चालू असताना इंजिनला स्वतंत्र आधार ठेवावा, कारण गिअरबॉक्सचा माउंट सुटला की इंजिन एका बाजूला झुकते. अ‍ॅक्सलचे ऑइल सील त्याच वेळी नवे घालावेत; जुन्या सीलमधून पुन्हा अ‍ॅक्सल घातला की तेल गळण्याची शक्यता राहते. अर्थिंगची पट्टी (बॅटरीच्या ऋण टोकाकडे वीज परत नेणारी जोडणी) गिअरबॉक्सला परत जोडल्याची खात्री करावी, नाहीतर स्टार्टर नुसता टकटक वाजेल आणि आपण उगाच बॅटरीवर संशय घ्याल. शेवटी, इंजिन सुरू करण्याआधी गाडी सपाट उभी असताना, मॅन्युअलमध्ये सांगितलेले गिअर ऑइल भरणीच्या तोंडाच्या कडेपर्यंत भरावे.